आज्ञावलीचा वाचक : संगणक-सिम्युलेटरांच्या इतिहासातील काही पाने

साहित्याचा अभ्यास करणाऱ्यांना 'संहिता' आणि 'वाचक' हे शब्द नित्याचे आहेत. संहिता सुरक्षित राहिली की साहित्य सुरक्षित राहिले, असे आपण बहुतेक वेळा गृहीत धरतो. वाचक काय, पिढ्यान्‌पिढ्या येतच राहतील असा आपला विश्वास असतो. हा विश्वास किती ठिसूळ आहे हे महाराष्ट्राला मोडी लिपीने दाखवून दिले आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल बांधून ठेवलेले आहेत. कागद टिकले, शाई टिकली. पण शाळांतून मोडी गेली आणि ते कागद वाचणारे डोळे विरळ होत गेले.

संगणकाच्या आज्ञावलीवर ही वेळ फार लवकर येते. मोडीला काही शतके मिळाली. आज्ञावलीला वीस-पंचवीस वर्षे मिळाली तरी पुष्कळ झाले. कारण तिचा पहिला वाचक माणूस नसतो, तर एका विशिष्ट जातीचा प्रोसेसर असतो. त्या प्रोसेसरचे उत्पादन थांबले, सुटे भाग संपले, शेवटचे यंत्र भंगारात गेले, की फितीवर जपून ठेवलेली आज्ञावली केवळ अंकांची रास होऊन उरते. या संकटावर संगणकविद्येने जो उपाय शोधला त्याचे नाव सिम्युलेटर. एका यंत्राने दुसऱ्या यंत्राचे सोंग इतके हुबेहूब वठवायचे, की त्या दुसऱ्या यंत्रासाठी लिहिलेल्या आज्ञावलीला फरक कळू नये. प्रस्तुत लेखात या उपायाचा इतिहास थोडक्यात पाहायचा आहे. तो मुळात अभियंत्यांचा इतिहास आहे, हे खरे. पण त्यात पाठनिश्चिती, टीका, लुप्त पाठाची पुनर्रचना, प्रक्षेप असे सगळे प्रश्न पुन्हा भेटतात, आणि म्हणून तो साहित्याच्या अभ्यासकाने आवर्जून वाचावा असे मला वाटते.

प्रथम प्रोसेसर 'वाचतो' म्हणजे काय करतो ते पाहू. प्रत्येक प्रोसेसरला एक अत्यंत मर्यादित भाषा येते. तिच्यात किती आज्ञा आहेत, प्रत्येक आज्ञेला कोणता अंक दिला आहे, आकडे तात्पुरते ठेवण्यासाठी 'रजिस्टर' नावाचे किती कप्पे आहेत, एका वेळी किती लांबीचा शब्द उचलला जातो, या सर्व नियमांना मिळून त्या प्रोसेसरचे आर्किटेक्चर म्हणतात. अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीने १९७० साली बाजारात आणलेल्या पीडीपी-११ या संगणकाचे उदाहरण घेऊ. त्याचा शब्द सोळा बिटांचा, रजिस्टरे आठ; त्यांपैकी शेवटचे पुढची आज्ञा कोठे आहे हे लक्षात ठेवण्यासाठी राखून ठेवलेले. या यंत्राच्या भाषेत अष्टमान पद्धतीने लिहिलेला ०१०००१ हा अंक म्हणजे 'शून्य क्रमांकाच्या रजिस्टरमधील आकडा पहिल्या क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये ठेव' अशी आज्ञा. हाच अंक वेगळ्या घराण्यातील प्रोसेसरपुढे ठेवला तर तो त्याचा भलताच अर्थ लावील, किंवा काहीच अर्थ लावू शकणार नाही. म्हणजे अंकाच्या ठायी अर्थ मुळात नाहीच. तो वाचणाऱ्या यंत्राच्या नियमांत आहे. वाचककेंद्री समीक्षेने साहित्याबद्दल जे म्हटले आणि ज्यावर आपण अजूनही वाद घालतो, ते येथे निर्विवाद आहे.

मग एका यंत्राचे नियम दुसऱ्या यंत्राला शिकवता येतील काय? याचे उत्तर पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक तयार होण्यापूर्वीच मिळाले होते. १९३६ साली अ‍ॅलन ट्युरिंग या तरुण इंग्रज गणितज्ञाने आपल्या एका निबंधात 'वैश्विक यंत्रा'ची कल्पना मांडली. कोणत्याही यंत्राचे वर्णन त्याच्यापुढे लिहून ठेवले, की ते यंत्र त्या वर्णनाबरहुकूम वागू लागते, अशी ती कल्पना. प्रत्येक संगणक पुरेसा वेळ आणि पुरेशी स्मृती मिळाल्यास दुसऱ्या कोणत्याही संगणकाचे अनुकरण करू शकतो, हे तत्त्व तिच्यातून निघते. सिम्युलेटरांचा सारा पुढचा इतिहास म्हणजे या एका तत्त्वाची व्यावहारिक उपयोजने होत.

व्यवहारात ही गरज प्रथम बाजाराने निर्माण केली. आयबीएम कंपनीने १९५९ साली १४०१ नावाचा संगणक जाहीर केला. विमा कंपन्या, बँका, सरकारी खाती यांनी तो हजारोंच्या संख्येने घेतला आणि आपला जमाखर्च त्याच्या भाषेत लिहून काढला. पुढे ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने सिस्टीम/३६० ही नवी मालिका जाहीर केली. लहानमोठ्या सर्व यंत्रांचे आर्किटेक्चर एकच असावे, हा तिच्यामागचा क्रांतिकारक विचार. परंतु नव्या आर्किटेक्चरला जुन्या १४०१ ची भाषा येत नव्हती. ग्राहकांनी वर्षानुवर्षे लिहून घेतलेल्या आज्ञावल्यांचे काय करायचे? त्यातच १९६३ च्या अखेरीस हनीवेल या प्रतिस्पर्धी कंपनीने १४०१ च्या आज्ञावल्या सहज सामावून घेणारे २०० क्रमांकाचे यंत्र पुढे केले होते आणि त्यासोबतच्या रूपांतर-आज्ञावलीला 'मुक्तिदाता' अशा अर्थाचे नाव दिले होते. आयबीएमने यावर तोड काढली ती अशी, की सिस्टीम/३६० मधील लहान यंत्रांच्या अंतर्भागातच १४०१ च्या आज्ञा कशा पाळायच्या याचे नियम बसवून टाकले. नवे यंत्र, पण आतून जुन्याची भाषा बोलू शकणारे. 'एम्युलेटर' हा शब्द या संदर्भात रूढ झाला. केवळ आज्ञावलीच्या बळावर होते ते सिम्युलेशन आणि यंत्रातील खास सोयीचे साह्य असते ते एम्युलेशन, असा भेद त्या वेळी केला जाई. पुढे तो पुसट झाला. या लेखात दोहोंसाठी 'सिम्युलेटर' हाच शब्द वापरला आहे.

सिम्युलेटर गतकाळाकडेच पाहतो असे मात्र नाही. हाती नसलेल्या यंत्रासाठी लिहायचे असेल तरीही तो उपयोगी पडतो. १९७५ साली बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन यांनी अल्टेअर ८८०० या छोट्या संगणकासाठी बेसिक भाषेची आज्ञावली लिहिली, तेव्हा त्यांच्याजवळ अल्टेअर नव्हता. अ‍ॅलन यांनी हार्वर्ड विद्यापीठातील पीडीपी-१० या मोठ्या संगणकावर इंटेल ८०८० या प्रोसेसरचा सिम्युलेटर तयार केला आणि सारे लेखन त्यावर तपासून घेतले. इंटेलने छापलेल्या माहितीपुस्तिकेतील नियम हाच त्यांचा आधार होता. नंतर अ‍ॅलन कागदी फीत घेऊन अल्बुकर्कीला गेले आणि आज्ञावली खऱ्या यंत्रावर चालली. एखाद्या भाषेच्या व्याकरणावरून, ती बोलणारा मनुष्य न भेटता, त्या भाषेत पत्र लिहावे आणि ते नीट समजले जावे, असा हा प्रकार होता.

आता पीडीपी-११ कडे परत येऊ, कारण जतनाच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद कथा त्याच्याभोवती घडली आहे. १९६९ साली बेल लॅबोरेटरीजमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी पीडीपी-७ या जुन्या संगणकावर युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमची सुरुवात केली. १९७१ मध्ये ती पीडीपी-११ वर आली आणि १९७३ मध्ये सी या भाषेत पुन्हा लिहिली गेली. १९७५ ची सहावी आवृत्ती विद्यापीठांपर्यंत पोहोचली. सिडनीतील न्यू साऊथ वेल्स विद्यापीठाचे जॉन लायन्स यांनी ही आवृत्ती वर्गात शिकवायला घेतली. तिच्या गाभ्याची सुमारे नऊ हजार ओळींची संहिता त्यांनी क्रमांक घालून छापली आणि १९७७ साली तिच्यावर स्वतंत्र टीका लिहिली. मूळ एका पुस्तकात, टीका दुसऱ्या पुस्तकात, आणि ओळींच्या क्रमांकांनी दोहोंचा मेळ. टीकाग्रंथांची परंपरा ज्यांना माहीत आहे त्यांना या रचनेत काहीच नवल वाटणार नाही. सातव्या आवृत्तीच्या परवान्याने मात्र मूळ संहिता वर्गात शिकवण्यास मनाई केली. मग लायन्स यांची टीका झेरॉक्सच्या झेरॉक्स होत हातोहात पसरली. रीतसर प्रकाशित व्हायला तिला १९९६ साल उजाडावे लागले.

या संहितेत एक प्रसिद्ध टिपण आहे. एक काम अर्धवट सोडून दुसरे हाती घेण्याच्या अवघड जागी लेखकाने अशा आशयाची ओळ घातली आहे, की हे तुम्हांला समजावे अशी अपेक्षा नाही. पुष्कळांना त्यात उद्धटपणा दिसला. रिची यांनी पुढे खुलासा केला, तो फार महत्त्वाचा आहे. हा भाग परीक्षेला नाही, एवढेच त्यांना सुचवायचे होते. पण खरी गोष्ट अशी होती, की तेथे काय चालले आहे हे लेखकांनाही पुरते उमगले नव्हते. पीडीपी-११ वरचा सी भाषेचा कंपायलर रजिस्टरांतील आकडे नेहमी एकाच ठरावीक रीतीने राखून ठेवत असे, म्हणून ती युक्ती चालून जात होती. युनिक्स इंटरडेटा ८/३२ या भिन्न संगणकावर नेताना, १९७७ च्या सुमारास, तेथील कंपायलरची रीत वेगळी निघाली आणि ती युक्ती निकामी ठरली. संहितेतील त्या ओळींचा अर्थ संहितेत नव्हता, तो एका विशिष्ट यंत्राच्या आणि त्याच्या कंपायलरच्या सवयीत होता. नुसती संहिता जपणाऱ्याला तो कधीच सापडला नसता.

डिजिटल कंपनीचा पडता काळ १९९० नंतर सुरू झाला. १९९८ मध्ये कॉम्पॅकने ती विकत घेतली. त्यापूर्वीच, १९९३ साली, याच कंपनीतील एक वरिष्ठ अभियंते बॉब सपनिक यांनी जुन्या संगणकांचे सिम्युलेटर लिहावयास आरंभ केला. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अप्लाइड डेटा रिसर्च या कंपनीत तयार झालेल्या 'मिमिक' नावाच्या सिम्युलेटरची रचना त्यांना परिचित होती. तिचाच वारसा त्यांनी पुढे चालवला. या प्रकल्पाचे नाव सिम-एच. आज त्यात पीडीपी-१ पासून व्हॅक्सपर्यंत डिजिटलची बहुतेक घराणी आहेत, आयबीएम १४०१ आहे, अल्टेअरही आहे. ज्या यंत्रांच्या कथा वर सांगितल्या ती सर्व आता एका साध्या लॅपटॉपवर एकमेकांशेजारी नांदतात.

सिम्युलेटरचे मूळ कार्य ऐकायला सोपे आहे. जुन्या यंत्राची स्मृती म्हणजे आकड्यांची एक लांब यादी, रजिस्टरे म्हणजे दुसरी छोटी यादी. यादीतून पुढचा अंक उचलायचा, तो कोणत्या आज्ञेचा आहे ते ओळखायचे, त्या आज्ञेने जे व्हायला हवे ते या याद्यांमध्ये करायचे, आणि पुन्हा पुढचा अंक उचलायचा. एखादी साधी आज्ञावली, समजा गणित सोडवणारी, एवढ्यावर चालते. परंतु ऑपरेटिंग सिस्टीम चालवायची तर एवढे पुरत नाही, आणि सिम्युलेटर लिहिणाऱ्याची खरी परीक्षा येथे होते. ऑपरेटिंग सिस्टीम ही संगणकाच्या घरातील कारभारीण. तिचा संबंध नुसत्या प्रोसेसरशी नसतो. सगळ्या घराशी असतो. कोणत्या आज्ञावलीने स्मृतीच्या कोणत्या भागात पाऊल ठेवायचे, याच्या सीमारेषा आखणारी यंत्रणा तिला लागते. सामान्य आज्ञावलीला वर्ज्य आणि फक्त कारभारणीला मोकळ्या अशा विशेष आज्ञा लागतात. डिस्कने काम संपवल्यावर, कोणी कळ दाबल्यावर, चालू काम थांबवून लक्ष वेधणारे इंटरप्ट नावाचे संकेत लागतात. आणि घड्याळ लागते. पीडीपी-११ चे एक घड्याळ विजेच्या प्रवाहाच्या लयीवर चाले, अमेरिकेत सेकंदाला साठ ठोके. सिम्युलेटरला हे ठोकेही द्यावे लागतात. आर के ०५ ही अडीच मेगाबाइटची तबकडी सिम्युलेटरमध्ये फक्त एक फाइल असते, पण तिच्यावरचे प्रत्येक वाचन 'काही वेळाने' पूर्ण झाले असे दाखवावे लागते. ते तत्क्षणी पूर्ण झाले, तर वाट पाहण्याच्या हिशेबाने लिहिलेली आज्ञावली कधीकधी गोंधळून जाते. म्हणजे जुन्या यंत्राची शक्ती जशी सोंगात उतरवावी लागते, तसा त्याचा संथपणाही.

सहाव्या आवृत्तीचे युनिक्स आज कोणालाही सिम-एचवर सुरू करता येते. त्यासाठी एक कायदेशीर अडथळाही दूर व्हावा लागला: जानेवारी २००२ मध्ये कॅल्डेरा या तत्कालीन हक्कधारक कंपनीने जुन्या आवृत्त्या मुक्त परवान्याखाली खुल्या केल्या. सुरू केल्यावर जे अनुभवाला येते ते पुस्तकात वाचून कळत नाही. चुकलेले अक्षर पुसायला नेहमीची कळ दाबावी तर ती चालू आज्ञावलीच बंद पाडते. अक्षर पुसण्यासाठी '#' हे चिन्ह उमटवायचे असते आणि सबंध ओळ रद्द करण्यासाठी '@'. असे का? कारण त्या काळी पडदा नव्हता. टेलिटाइपचा कागद होता, आणि कागदावर उमटलेले अक्षर पुसता येत नाही, ते रद्द झाल्याची खूण तेवढी करता येते. नाव केवळ मोठ्या लिपीतील इंग्रजी अक्षरांत लिहून प्रवेश केला, तर युनिक्स समजते की आपल्यापुढे लहान अक्षरे नसलेला टेलिटाइप आहे, आणि त्याप्रमाणे वागू लागते. मॉडेल ३३ हा टेलिटाइप सेकंदाला दहा अक्षरे छापत असे. दोन-दोन अक्षरांच्या आज्ञा युनिक्समध्ये का आहेत, हा प्रश्न ते दृश्य डोळ्यांपुढे आणल्यावर फारसा उरत नाही. शैलीचा उगम लेखनसाधनात शोधायचा तो असा.

इथवर प्रश्न होता तो संहिता आहे आणि वाचक नाही, असा. युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीच्या बाबतीत संहितादेखील हाती नव्हती. १९७२ मधील एका दस्तऐवजात गाभ्याची संहिता कागदावर छापलेली उपलब्ध झाली. ऑस्ट्रेलियातील वॉरेन टूमी आणि युनिक्सच्या वारशाचे जतन करणारे त्यांचे सहकारी यांनी २००८ साली ते कागद अक्षरओळख आज्ञावलीतून काढले, हाताने तपासले, चुका दुरुस्त केल्या. गाभा मिळाला तरी त्यावर चालणाऱ्या इतर आज्ञावल्या हव्या होत्या. त्या त्याच काळातील फितींच्या अवशेषांतून जुळवल्या. शिवाय ही आवृत्ती गुणाकार-भागाकारासाठी केई-११-ए नावाच्या एका जोड-यंत्रावर अवलंबून होती. सिम-एचला ते येत नव्हते, म्हणून सिम्युलेटरमध्येच भर घालावी लागली. संहितेने आपल्या वाचकाला अधिक शहाणे केले, असे म्हणायला हरकत नाही. पुढे २०१६ मध्ये पीडीपी-७ वरील मूळ युनिक्सचे छापील कागद उजेडात आले. त्यात शेल, म्हणजे वापरणाऱ्याच्या आज्ञा ऐकून घेणारी आज्ञावली, नव्हती. ती उद्धारकांनी नव्याने लिहिली. आणि २०२५ साली यूटा विद्यापीठात चौथ्या आवृत्तीची चुंबकीय फीत सापडली, तिच्यावरील मजकूर वाचता आला, आणि तोही सिम्युलेटरमध्ये जिवंत झाला.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली हे आपण शिकवतो. शुद्धी करणारा काय करतो? उपलब्ध प्रती जमवतो, तोलतो, अपपाठ दूर करतो. पण आज्ञावलीची पाठशुद्धी करणाऱ्याजवळ एक कसोटी अशी आहे जी एकनाथांजवळ नव्हती आणि आपल्याजवळही नाही: दुरुस्त केलेली संहिता तो चालवून पाहू शकतो. एक अंक जरी चुकला तरी यंत्र बहुधा अडते. तथापि ही कसोटी वाटते तेवढी निर्णायक नाही. आज्ञावली चालली, तर ती 'चालणारी' आहे एवढेच सिद्ध होते. ती 'मूळचीच' आहे, हे सिद्ध होत नाही. नव्याने लिहिलेला शेलही उत्तम चालतो. म्हणून कोणता भाग जुना, कोणता अनुमानाने घातलेला, याची नोंद ठेवण्याची जबाबदारी येथेही उद्धारकावरच येते. त्या मंडळींनी ती ठेवली आहे, हे आवर्जून सांगितले पाहिजे.

ही जबाबदारी किती नाजूक आहे हे २०२२ साली खुद्द सिम-एचमधील वादाने दिसून आले. प्रकल्पाच्या एका प्रमुख देखभालकाराने अशी सोय केली होती, की जुन्या डिस्कची प्रतिमा म्हणून जपलेली फाइल सिम्युलेटरला जोडली, की तिच्या शेवटी तिच्या आकाराविषयीची माहिती आपोआप लिहिली जावी. हेतू सोयीचा होता. पण अनेकांनी आक्षेप घेतला: जतनासाठी ठेवलेल्या प्रतीत वाचकाने काही लिहायचेच कशाला? वाद परवान्यातील बदलापर्यंत गेला आणि त्याच वर्षी ओपन सिम-एच हा स्वतंत्र प्रकल्प निघाला. हस्तलिखिताच्या शेवटी लेखनिक पुष्पिका जोडतो, तेव्हा ती पुष्पिका आहे हे आपल्याला कळते. फाइलच्या अखेरीस न सांगता जोडलेले अंक पुढच्या शतकातील अभ्यासकाला मूळ तबकडीतलेच वाटू शकतील. प्रक्षेपाची चिंता करणाऱ्या कोणत्याही संपादकाला आक्षेपकांची बाजू सहज समजेल.

सिम्युलेटरांची दुसरी एक शाखा जतनापेक्षा वेगाच्या मागे लागली. सिम-एचसारखा सिम्युलेटर दुभाष्यासारखा असतो. एकेक आज्ञा ऐकतो आणि लगेच तिचा अर्थ अमलात आणतो. तीच आज्ञा लाख वेळा आली तर लाख वेळा अर्थ लावतो. फ्रेंच अभियंते फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला क्यूएमू अनुवादकासारखा आहे. तो आज्ञांचा एक तुकडा घेतो, यजमान प्रोसेसरच्या भाषेत त्याचे भाषांतर करतो, ते जपून ठेवतो आणि तो तुकडा पुन्हा आला की तयार भाषांतर वापरतो. क्यूएमूचे दोन प्रकार आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहेत. एकात संपूर्ण यंत्राचे सोंग असते, त्यामुळे त्यावर परकी ऑपरेटिंग सिस्टीम आपला सर्व संसार मांडू शकते. दुसऱ्यात केवळ प्रोसेसरच्या भाषेचे भाषांतर होते आणि कारभाराच्या मागण्या यजमान ऑपरेटिंग सिस्टीमकडे पाठवल्या जातात. पहिल्यात पाहुण्याला स्वतंत्र बिऱ्हाड मिळते. दुसऱ्यात तो यजमानाच्या स्वयंपाकघरात जेवतो. अ‍ॅपलने १९९४, २००६ आणि २०२० अशी तीन वेळा आपल्या संगणकांतील प्रोसेसरचे घराणे बदलले, तेव्हा प्रत्येक वेळी अशाच तंत्रांनी जुन्या आज्ञावल्या काही काळ चालू ठेवल्या. वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांना हे कळलेही नाही, आणि ही त्या सोंगाला मिळालेली सर्वांत मोठी पावती म्हणावी लागेल.

या सगळ्याचा आपल्या भाषेशी संबंध काय, असा प्रश्न येथे यावा आणि तो योग्यही आहे. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे महत्त्वाचे काम १९८० च्या दशकात कानपूरच्या आयआयटीत सुरू झाले आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने ते पुढे नेले. 'जिस्ट कार्ड' हा त्याचा एक प्रारंभिक आविष्कार. हे कार्ड म्हणजे संगणकाच्या पेटीत बसवायचा एक प्रत्यक्ष फलक होता. डॉसवर चालणाऱ्या आज्ञावल्यांना देवनागरी दाखवण्याचे सामर्थ्य त्याच्यामुळे येई. १९९१ मध्ये इस्की ही भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण संकेतावली निश्चित झाली. पण युनिकोड सर्वत्र रुळेपर्यंत मराठी मजकूर टंकला गेला तो बहुतांशी निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटांच्या खासगी संकेतांमध्ये. मासिके, प्रबंध, कवितासंग्रह, कोशांच्या कच्च्या प्रती या रूपात फ्लॉपींवर आणि सीडींवर साठल्या. तो फाँट नसेल तर मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची विस्कटलेली रांग दिसते, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे.

अशा फायलींच्या बाबतीत डॉसच्या काळातील प्रोसेसरचे सोंग आणणे आज मुळीच कठीण नाही. तशी साधने विनामूल्य मिळतात. अडचण पुढची आहे. आज्ञावली ज्या कार्डाची अपेक्षा करते त्या कार्डाचे वर्तनही कोणीतरी नियमबद्ध करून सिम्युलेटरमध्ये उतरवावे लागते, आणि त्यासाठी त्याची तांत्रिक कागदपत्रे हवीत. केई-११-ए ची भर घालता आली, कारण डिजिटलच्या छापील पुस्तिका कोणीतरी जपल्या होत्या. प्रोसेसरच्या त्या माहितीपुस्तिका त्या काळी विक्रेते ग्राहकांना सढळ हाताने देत, आणि पुष्कळांनी त्या रद्दीत घातल्या असणार. ज्यांनी घातल्या नाहीत त्यांच्यामुळे आज हा सारा उद्योग शक्य झाला. वाचकाचे व्याकरण जपले गेले, म्हणून वाचक पुन्हा घडवता आला.

सिम्युलेटरने सर्व काही परत मिळते असा दावा कोणी करू नये. यंत्राची धग, पंख्यांचा आवाज, पुढच्या फळीवर लुकलुकणारे दिवे, टेलिटाइपची खटखट, सामायिक यंत्रापुढे आपली पाळी येईपर्यंत ताटकळणारी माणसे, हे काही त्या फाइलमध्ये नसते. सोंग यंत्राच्या वर्तनाचे असते, त्याच्या देहाचे नव्हे. आणि वर्तनातही पुस्तिकेत नोंदले गेले तेवढेच प्रथम उतरते. नोंद नसलेल्या सवयी, जशी ती इंटरडेटावर उघडकीस आलेली, एखादी आज्ञावली अडल्यावरच ध्यानात येतात. त्यामुळे सिम्युलेटर कधीच 'पूर्ण' होत नाही. प्रत्येक नवी जुनी संहिता त्याला काहीतरी शिकवते.

विद्यापीठांच्या मराठी विभागांनी आणि ग्रंथालयांनी आपल्या कपाटांतील फ्लॉपी, सीडी आणि जुने संगणक यांच्याकडे या दृष्टीने पाहण्याची वेळ आली आहे. फाइलीची प्रत करून ठेवणे हे पहिले काम, पण ती कोणत्या आज्ञावलीत, कोणत्या फाँटात, कोणत्या ऑपरेटिंग सिस्टीमवर लिहिली गेली याची चिठ्ठी तिच्यासोबत हवी. फाँटाची आणि आज्ञावलीची प्रत हवी, तिच्या पुस्तिका हव्यात, आणि ती पुढे चालवून पाहण्याचा कायदेशीर हक्कही हवा, कारण युनिक्सलासुद्धा २००२ पर्यंत थांबावे लागले. यातले कोणतेच काम संगणकतज्ज्ञाचे नाही. ते संपादकाचे आणि ग्रंथपालाचे आहे. जुने यंत्र निकालात काढताना त्याच्यासोबत आलेली पुस्तिका तेवढी बाजूला काढून ठेवावी, एवढ्यापासून सुरुवात करता येईल.